निघणं आणि थांबणं

मिशिगन राज्याचे नकाशावर दोन तुकडे दिसतात. खालचा तुकडा हातमोज्यासारखा. डेट्रॉइट, ॲन आर्बर ही आपल्याकडे ओळखीची झालेली नावं त्या तुकड्यातली. वरचा तुकडा, म्हणजे अप्पर पेनिन्सुला, विस्कॉन्सिनला चिकटलेला आहे आणि त्याच्यातून एक वाकडं बोट लेक सुपिरियरमध्ये घुसलेलं आहे. त्या बोटाचं नाव कीविनॉ. मी गेली नऊ वर्षं इथल्या कॅल्युमेट नावाच्या गावात राहते. एके काळी तांब्याच्या खाणींमुळे हे गाव श्रीमंत होतं. आता घरं स्वस्त आहेत, माणसं म्हातारी आहेत आणि बर्फ भरपूर आहे.

भरपूर म्हणजे किती? सरासरी हिवाळ्यात २०० इंचांच्या वर. मोहॉक गावाजवळ यूएस-४१ या महामार्गाच्या कडेला बर्फाची मोजपट्टी म्हणून एक उंच खांब उभा केलेला आहे. त्यावर १९७८-७९ च्या हिवाळ्याचा विक्रम नोंदवला आहे: ३९०.४ इंच, म्हणजे जवळजवळ दहा मीटर. मी मूळची आजऱ्याची. तिथून जवळच्या आंबोलीत वर्षाला सात मीटर पाऊस पडतो हे सांगून आम्ही पाहुण्यांना चकित करायचो. कारणही सारखंच आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढताना पाणी टाकतात. कॅनडाकडून आलेले कोरडे, थंड वारे सुपिरियरच्या त्यामानाने उबदार पाण्यावरून बाष्प उचलतात आणि आमच्या टेकड्या चढताना ते बर्फ म्हणून टाकतात. फरक एवढाच, की आंबोलीचं पाणी वाहून जातं. इथलं एप्रिलपर्यंत अंगणात बसून राहतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझं काम लोकांच्या घरी जाऊन करायचं आहे. खुबा किंवा गुडघा बदललेले, पक्षाघातातून उठलेले, पडून हाड मोडलेले, असे पेशंट. दवाखान्यापर्यंत येणं ज्यांना शक्य नाही, त्यांच्याकडे मी जाते. दिवसाला पाच किंवा सहा घरं. त्यातली निम्मी मुख्य रस्त्यापासून आत, जंगलात, एखाद्या लांबलचक खासगी वाटेच्या टोकाला. त्यामुळे दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडावर मी छोटी मोटार विकून २००६ सालचा एक सेकंडहँड शेवरले पिकअप घेतला. मागे वॉकर, कमोडची खुर्ची, सरावाची पायरी, फावडं असं सगळं मावतं. गाडी फोर बाय फोर होती. टायर मात्र झिजत आले होते. माझ्याकडे त्या वर्षी खर्च करायला साधारण १२०० डॉलर होते. त्यात चांगल्या प्रतीचे चार हिवाळी टायर येत होते, किंवा मागच्या ॲक्सलमध्ये नवं डिफरन्शियल मजुरीसकट बसत होतं. दोन्ही येत नव्हतं. या दोहोंतलं काय घ्यायचं, यावर मी त्या ऑक्टोबरात जितका विचार केला तितका मी इथे यायच्या निर्णयावरही केला नसेल.

आबांना विचारणं ओघानेच आलं. इथे सकाळचे सात वाजतात तेव्हा आजऱ्यात संध्याकाळचे साडेपाच होतात. हिवाळ्यात आमच्या गप्पांची ती वेळ. आबांनी तीस-पस्तीस वर्षं ट्रॅक्टर चालवला आहे. भाताच्या चिखलणीला, उसाच्या वाहतुकीला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले.

"चाकाला दातं केवढी हाईत?"

"झिजल्यात, आबा."

"आनि डिफ लॉक हाय का न्हाई त्येला?"

मी गाडीच्या डॅशबोर्डमधला कप्पा उघडून बघितला. जनरल मोटर्सच्या त्या काळातल्या गाड्यांत तिथे एक चिकटपट्टी असते. गाडी कारखान्यातून निघताना तिच्यात काय काय बसवलं त्याचे कोड त्यावर छापलेले असतात. मागचं डिफरन्शियल आपोआप लॉक होणारं असेल तर 'जी८०' हा कोड दिसतो. माझ्या पट्टीवर तो नव्हता.

"न्हाई," मी म्हणाले.

"आगं म्हंजी एकच चाक फिरणार की नुसतं," आबा म्हणाले. "ते आदी बसवून घे."

आबांचं म्हणणं समजून घ्यायचं तर डिफरन्शियल काय करतं ते बघायला हवं. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला लांबचा फेरा पडतो, आतल्याला जवळचा. बैलगाडीला याची अडचण येत नाही, कारण तिची दोन्ही चाकं आपापली सुटी फिरतात. ओढणारे बैल वेगळे असतात. इंजिनाच्या गाडीत चाकांनाच ओढायचं असतं. दोन्ही एका दांड्याला पक्की बसवली तर वळताना एक चाक फरफटणार. म्हणून मधे दातेरी चाकांची अशी एक जुळणी घालतात, की दोन्ही चाकांना सारखंच बळ मिळावं, पण वेग त्यांनी आपापला ठरवावा. ही कल्पना पेक्योर नावाच्या फ्रेंच माणसाने १८२० च्या दशकाच्या अखेरीस मांडली आणि आजतागायत बहुतेक गाड्यांत तीच आहे.

गोम 'सारखंच' या शब्दात आहे. एका जुवाला दोन बैल जुंपले आणि त्यातला एक ओढेनासा झाला, तर दुसरा कितीही दांडगा असो, त्याने जोर लावला की जू नुसतं तिरकं होतं. जोडीची ताकद कमजोर बैलावर ठरते. साधं डिफरन्शियल तसंच आहे. डावं चाक बर्फावर आलं आणि त्याला फारच थोडं बळ पेलवत असेल, तर उजव्यालाही तेवढंच मिळतं, मग ते कोरड्या डांबरावर का असेना. बाकीचं सगळं डावं चाक गरगर फिरवण्यात जातं. फोर बाय फोर केलं तरी दोन्ही ॲक्सलमध्ये साधीच डिफरन्शियल असतील, तर गाडी अडते तेव्हा पुढचं एक आणि मागचं एक अशी दोन चाकं हवेत भुई धोपटत असतात आणि उरलेली दोन बघत बसतात.

यावर तऱ्हेतऱ्हेचे उपाय आहेत. एका प्रकारात घर्षणाच्या चकत्या असतात; एक चाक जास्त पळायला लागलं की त्या त्याला मागे ओढतात. त्या झिजतात आणि त्यांच्या तेलात वेगळं औषध घालावं लागतं. दुसऱ्या प्रकारात तिरक्या दातांची चाकं एकमेकांत रुतून कमजोर बाजूच्या अडीच-तीन पट बळ दुसऱ्या बाजूला देतात. हे काम गुळगुळीत होतं, झटका बसत नाही. पण एक चाक पार अधांतरी असेल तर शून्याची तिप्पट शून्यच. तिसरा प्रकार लॉकर. तो दोन्ही चाकं सरळ एकत्र बांधून टाकतो. माझ्या गाडीत नसलेलं जी८० हे त्यातलंच एक. दोन चाकांच्या फिरण्यात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की ते लॉक होतं आणि ताशी ३० किलोमीटरच्या वर तसं करत नाही. काही लॉकर हवेच्या दाबावर चालतात आणि बटण दाबलं तरच लागतात.

ट्रॅक्टरवाल्यांना हे सगळं न वाचता माहीत असतं. ट्रॅक्टरला उजव्या टाचेपाशी डिफ लॉकचा पेडल असतो. चाक चिखलात फिरायला लागलं की टाच दाबायची, बाहेर पडलं की सोडायची, आणि वळताना चुकूनही दाबायची नाही. शिवाय ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे असतात. फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक थोडा दाबला की त्याला विरोध होतो आणि बळ दुसऱ्या चाकाकडे जातं. आजच्या गाड्यांमधलं ट्रॅक्शन कंट्रोल नेमकं हेच करतं; पायाऐवजी संगणक ब्रेक दाबतो, एवढंच. आबा लहानपणी मला मडगार्डवर बसवून न्यायचे तेव्हा त्यांचा उजवा पाय एकसारखा या दोन पेडलांवर नाचत असायचा.

त्याच दोन पेडलांनी आमच्या घरात एक अपघात घडवला आहे. रस्त्यावर आल्यावर ते पेडल पट्टीने एकमेकांना जोडून घ्यायचे असतात, म्हणजे ब्रेक दोन्ही चाकांना सारखा लागतो. मी शाळेत असताना एका गळीत हंगामात काका उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन उतारावर आले. शेतातून निघताना पट्टी लावायची राहिली होती. पुढे काहीतरी आडवं आलं म्हणून त्यांनी ब्रेक दाबला आणि एकाच चाकाला लागला. ट्रॅक्टर गर्रकन आडवा झाला आणि मागून उसाचं वजन आलं. काका वाचले. खुब्याचं हाड मोडलं होतं. अजूनही काठी लागते. त्यांनी परत ट्रॅक्टर चालवला नाही. शेतातून बाहेर काढणारी सोय रस्त्यावर उलटते, हे आमच्या घरात कुणी बोलून दाखवत नाही, पण आबा आजही डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी खाली वाकून पट्टी चाचपतात.

मला हे आठवलं ते इथल्या एका गॅरेजमध्ये. गॅरेज दोनच गाड्यांचं. मालक सत्तरीला आलेले, फिनिश वंशाचे. या भागात खाणींच्या काळात फिनलंडहून इतके लोक आले, की आजही शेजारच्या हॅनकॉक गावात जानेवारीत फिनिश पद्धतीने हिवाळ्याचा मध्य साजरा होतो: या दिवशी गुहेतलं अस्वल कूस बदलतं, म्हणजे निम्मा हिवाळा सरला. मी त्यांच्याकडे लॉकरची किंमत विचारायला गेले होते. त्यांनी किंमत सांगितली आणि मग विचारलं, की तुम्ही काय काम करता. मी सांगितलं. ते म्हणाले, बसा माझ्या गाडीत.

त्यांच्या पिकअपला पुढे नांगर होता, म्हणजे बर्फ ढकलायचं पातं, आणि मागे लॉकर. आम्ही चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये गेलो. हंगामातला पहिला बर्फ पडून दाबला गेला होता. त्यांनी गाडी सावकाश वळवली आणि वळतावळता थोडा गॅस दिला. मागचा भाग पाय घसरल्यासारखा बाजूला सरकला. त्यांनी सावरलं आणि परत तसंच करून दाखवलं. कारण सोपं आहे, ते म्हणाले. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक फिरतं, पण दुसरं जमिनीला धरून असतं आणि गाडीचा मागचा भाग जागेवर ठेवतं. लॉकरने दोन्ही बांधलीत, की फिरली तर दोन्ही फिरतात. मग बाजूला धरून ठेवायला कुणी उरत नाही. रस्ता एका बाजूला उतरता असला, आणि इथले सगळे रस्ते पाणी जावं म्हणून कडेला उतरतेच असतात, तर गाडी त्या बाजूला ओघळते.

"मग तुम्ही का बसवलंय?" मी विचारलं.

"मी दिवसभर चालायच्या वेगाने बर्फ ढकलतो," ते म्हणाले. "माझं काम पुढे जाण्याचं आहे. तुमचं पोचण्याचं आहे."

हे वाक्य मी तेव्हा पुरतं ऐकलंही नाही, कारण ते पुढे टायरवर बोलायला लागले होते आणि त्यात मला जास्त रस होता.

टायरच्या बाबतीत आबांचं शास्त्र वेगळं होतं. मोठे दात, रुंद चाक. चिखलासाठी ते अगदी बरोबर आहे. ट्रॅक्टरच्या टायरवरचे ते तिरके उंच दात चिखल कापतात आणि फिरताफिरता झटकून टाकतात. चिखल दातांत बसून राहिला तर चाक गुळगुळीत होतं. इथेही पुष्कळ पिकअपना तसले चिखलाचे टायर दिसतात आणि ते दिसतातही रुबाबदार. पण बर्फाचा स्वभाव चिखलाच्या उलटा आहे. बर्फाला बर्फच सगळ्यात चांगला धरतो. मूठभर बर्फ दाबला की त्याचा गोळा होतो, तसं. म्हणून हिवाळी टायरच्या खाचा बर्फ झटकत नाहीत, धरून ठेवतात, आणि टायरमधला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला चिकटतो.

दुसरी गोष्ट रबराची. साध्या टायरचं रबर तापमान साधारण सात अंशांच्या खाली गेलं की कडक व्हायला लागतं. उणे वीसमध्ये ते प्लॅस्टिकच्या चपलेसारखं होतं. हिवाळी टायरचं रबर त्या थंडीतही मऊ राहतं आणि रस्त्याच्या बारीक खडबडीत बसतं. तिसरी गोष्ट, रबराच्या प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने कापल्यासारख्या बारीक चिरा असतात. त्यांना इंग्रजीत 'साइप' म्हणतात, जॉन साइप नावाच्या माणसावरून. त्याला १९२३ साली याचं पेटंट मिळालं. तो कत्तलखान्यात काम करायचा आणि ओल्या फरशीवर घसरू नये म्हणून त्याने बुटाच्या तळव्याला चिरा पाडल्या, असं सांगतात. या चिरांच्या शेकडो कडा बर्फात रुततात आणि बर्फावरचा पाण्याचा पातळ थर पुसतात. तो थर फार महत्त्वाचा. शून्याच्या आसपासचा बर्फ सगळ्यात निसरडा असतो. उणे पंचवीसचा बर्फ उलट जास्त धरतो. कडाक्याच्या थंडीपेक्षा थंडी जरा ओसरलेला दिवस मला जास्त धास्तीचा वाटतो.

रुंदीचंही उलटंच निघालं. थोडा अरुंद टायर त्याच वजनाला कमी जागेवर दाबतो, त्यामुळे तो वरचा भुसभुशीत बर्फ कापून खाली पोचतो. रुंद टायर वर तरंगतो. गॅरेजवाल्यांनी माझ्या गाडीला चालणाऱ्या मापांतलं अरुंद माप निवडलं आणि जुन्या स्टीलच्या रिमवर बसवायचं ठरवलं, म्हणजे दर नोव्हेंबर-एप्रिलला टायर काढघाल करण्याऐवजी सबंध चाकच बदलता येतं.

मग खुणांचा प्रश्न. टायरच्या कडेला 'एम अँड एस' असं लिहिलेलं पुष्कळदा दिसतं, म्हणजे चिखल आणि बर्फ. ती खूण नक्षीच्या मोजमापावर मिळते. त्यासाठी बर्फावर चाचणी लागत नाही. दुसरी खूण म्हणजे तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. ती १९९९ पासून आली. ती मिळवायला टायरला दाबलेल्या बर्फावर एका ठरावीक टायरपेक्षा किमान दहा टक्के जास्त पकड दाखवावी लागते. मात्र ही चाचणी गाडी पुढे ओढण्याच्या पकडीची आहे. थांबण्याची नाही, वळण्याची नाही, काचेसारख्या बर्फावरची तर नाहीच. म्हणजे खूण देणाऱ्यांनीही आबांसारखाच पहिला प्रश्न विचारलेला आहे: निघते का? ऑल-टेरेन टायरपैकीही बऱ्याच जणांना ही खूण मिळालेली असते. त्यामुळे खुणेवर न थांबता हातात टायर घेऊन रबर दाबून बघितलं, चिरा मोजल्या.

घेतले ते टायर फिनलंडच्या एका कारखान्याचे होते. आज नोकियन टायर्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कारखान्याने १९३४ साली जगातला पहिला हिवाळी टायर काढला आणि तोही मोटारीसाठी नव्हे, ट्रकसाठी. गॅरेजवाल्यांना हे सांगताना इतका आनंद होत होता, की जणू तो त्यांच्या आजोबांनीच काढला होता.

चारही टायर घेतले, हेही सांगायला हवं. पैसे वाचवायला पुष्कळ लोक मागचे दोनच बदलतात, कारण पिकअप मागच्या चाकांवर चालतो. मग गाडी निघते बरी, पण वळायला आणि थांबायला पुढची चाकं लागतात. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं. थांबवण्याचं बरंचसं काम पुढचे टायर करतात. उलट पुढचेच दोन बदलले, तर पुढचा भाग थांबतो आणि मागचा त्याला गाठायला निघतो.

उरलेल्या पैशांत वाळूच्या चार गोण्या घेतल्या, प्रत्येकी २७ किलोच्या. रिकाम्या पिकअपचं वजन पुढे जास्त असतं, इंजिनाकडे. ज्या चाकांनी ढकलायचं तीच हलकी. म्हणून गोण्या मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर, दोन चाकांच्या मधे ठेवून बांधायच्या. पार मागे ठेवल्या तर पुढची चाकं उचलल्यासारखी होतात आणि स्टिअरिंग हलकं पडतं. बांधल्या नाहीत तर अपघातात त्या गोण्याच तुमच्यावर येतात; आमच्या घरात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आबांना मी फोनवर सांगितलं, की डिफ लॉक नाही घेतलं, चाकं घेतली. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "दातं केवढी?" मी म्हणाले, बारीक. ते म्हणाले, "बघ बाई, तुजं तू."

त्या डिसेंबरात लेक लिंडनच्या बाजूला एका उतारावर मी खाली येत होते. ताशी पन्नासच्या आत वेग, फोर बाय फोर लावलेलं, रस्ता पांढरा आणि दाबलेला. वळण संपलं आणि समोर शाळेची पिवळी बस, लाल दिवे लुकलुकत. एक मुलगा उतरून रस्ता ओलांडत होता, दप्तर त्याच्यापेक्षा मोठं. मी ब्रेक दाबला. पायाखाली एबीएसची खडखड सुरू झाली. गाडी सरळ राहिली, हळू झाली आणि बसच्या अलीकडे दोन गाड्या मावतील एवढं अंतर ठेवून थांबली. मुलाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बस निघून गेल्यावर मी पाच मिनिटं तिथेच उभी होते.

घरी आल्यावर कागदावर हिशोब केला. शाळेत शिकलेलं साधं सूत्र. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून १२-१३ मीटरमध्ये थांबते. पकड ०.२५ एवढी घसरली, म्हणजे दाबलेल्या बर्फासारखी, तर ४० मीटर लागतात. काचेसारख्या बर्फावर ०.१ धरली तर ९८. आणि वेग दुप्पट केला तर अंतर चौपट. या हिशोबात गाडीचं वजन येत नाही, घोडाशक्ती येत नाही, किती चाकं ओढतात ते येत नाही. वेग आणि पकड, दोनच आकडे. त्या उतारावर मी जे काही सेकंद ब्रेकवर होते, त्यांत डिफरन्शियलला काही कामच नव्हतं. ते साधं असो, लॉक होणारं असो, सोन्याचं असो. आहे ती पकड चाकांत वाटून देणं एवढंच त्याला येतं, तेही इंजिन ओढत असताना. पकड ते निर्माण करत नाही. ती त्या चार तळहाताएवढ्या रबराच्या तुकड्यांखाली असेल तर असते.

याचा अर्थ मी कधी अडकले नाही असा नाही. त्याच फेब्रुवारीत एका पेशंटच्या वाटेवर, चढाला, डावीकडची दोन्ही चाकं खोल बर्फात गेली आणि आबांनी सांगितलेलं तंतोतंत घडलं. पुढचं एक फिरतंय, मागचं एक फिरतंय, गाडी ढिम्म. लॉकर असता तर निघाले असते, यात शंका नाही. मी फावड्याने चाकांपुढचा बर्फ काढला, एक गोणी फोडून वाळू टाकली, तरी जमेना. मग पेशंटला फोन केला. त्यांनी शेजाऱ्याला केला. शेजारी ट्रॅक्टर घेऊन आला आणि पट्टा लावून पाच मिनिटांत ओढून काढलं. एकूण चाळीस मिनिटं गेली, बूट भिजले आणि त्या शेजाऱ्याशी ओळख झाली.

हे दोन दिवस शेजारी ठेवून बघितले, की माझा हिशोब मला पटतो. अडकणं म्हणजे उशीर. न थांबणं म्हणजे काय, ते काकांच्या काठीकडे बघितलं की कळतं. माझ्या पेशंटांतही हेच दिसतं. खुबा बदललेला माणूस पहिल्या आठवड्यात विचारतो, मी कधी चालायला लागणार? पायात ताकद लवकर येते. शिकायला वेळ लागतो ते थांबायला: वळताना तोल धरायला, खुर्चीत धपकन न बसता सावकाश टेकायला, पायरी उतरायला. लोक पडतात ते बहुतेक तिथे. ताकद निघण्यात दिसते म्हणून तिचं कौतुक होतं. थांबलेलं कुणाला दिसतच नाही.

त्यामुळे आता मला कुणी विचारलं तर मी क्रम सांगते. इथून जवळच ह्यूटनला विद्यापीठ आहे, दर वर्षी मराठी मुलं येतात आणि कुणीतरी माझा नंबर देतं. आधी चार हिवाळी टायर, त्यातली हवा थंडीत तपासलेली, कारण तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की दाब साधारण एक पाउंडाने उतरतो. खाचा पाच मिलिमीटरच्या खाली गेल्या की बर्फासाठी तो टायर संपला, दिसायला चांगला असला तरी. पिकअप असेल तर मागे वजन, बांधलेलं. फावडं, पट्टा, ब्लँकेट. फोर बाय फोर लावून कोरड्या रस्त्यावर चालवायचं नाही. माझ्यासारख्या जुन्या पिकअपमध्ये त्याने पुढचे-मागचे दांडे एकमेकांना पक्के जखडले जातात. हे सगळं झाल्यावर पैसे उरले तर डिफरन्शियल, आणि रस्त्यावर चालवायचं असेल तर तिरक्या दातांचं, लॉकर नव्हे. नांगर लावणार असाल तर गोष्ट वेगळी. आणि ज्या दिवशी समोरचं काहीच दिसत नाही त्या दिवशी फोन करून जायचं रद्द करायचं. आमच्या कामात तशी मुभा आहे. मी वर्षातून पाच-सहा वेळा ती घेते.

मी स्वतः तिसऱ्या हिवाळ्यात मागे तिरक्या दातांचं डिफरन्शियल बसवलं. चढाच्या वाटांवर त्याचा उपयोग होतो आणि गाडी बाजूला जात नाही. आबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आत्ता कसं!" जणू दोन वर्षं ते याचीच वाट बघत होते. मग त्यांनी काकांना हाक मारून फोन दिला. काकांनी एवढंच विचारलं, "ब्रेक दोनी चाकाला सारका लागतोय न्हवं?"

"चारी चाकांना, काका," मी म्हणाले.

यंदा माझी एक पेशंट आहे, एकोणऐंशी वर्षांची, एकटी राहते. खुबा बदलून सात आठवडे झाले. घरात ती आता काठीशिवाय फिरते, पण तिला पत्रपेटीपर्यंत स्वतः जायचं आहे. चार पायऱ्या आणि वीस पावलं. मागच्या मंगळवारी आम्ही पहिल्यांदा बाहेर गेलो. तिच्या काठीच्या टोकाला बर्फात रुतणारे काटे लावले होते, बुटांना रबरी पट्ट्या. पायऱ्यांवर रात्रीचा बर्फ गोठला होता. मी गाडीच्या मागून फोडलेल्या गोणीतली वाळू घमेल्यात आणली आणि चारी पायऱ्यांवर पसरली. ती दारात उभी राहून बघत होती. मग तिने कठड्याला हात लावला, आधी काठी खाली ठेवली, मग नवा खुबा असलेला पाय, मग दुसरा. प्रत्येक पायरीवर थांबली. पत्रपेटीत फक्त विजेचं बिल होतं. ते तिने कोटाच्या खिशात घातलं आणि आम्ही परत फिरलो. जाताना मी अर्धी गोणी तिच्या दाराशी ठेवून आले.